पाठीवर सॅक, हातात पासपोर्ट: कमी खर्चाच्या परदेशप्रवासाविषयी कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल या भागांतून आमच्याकडे सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. व्हिसाचे नियम, शुल्क आणि विमानभाडे वरचेवर बदलते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी संबंधित देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळणी करावी. खर्चाचे आकडे अंदाज बांधण्यापुरतेच आहेत.

१. बॅकपॅकिंग म्हणजे नेमके काय? टूर कंपनीबरोबर जाण्यापेक्षा ते वेगळे कसे?

स्वतःला उचलता येईल एवढेच सामान घेऊन, स्वतः आखलेल्या मार्गाने, सार्वजनिक वाहनांतून, साध्या निवासात राहून केलेला प्रवास म्हणजे बॅकपॅकिंग. टूर कंपनी तिकिटापासून जेवणापर्यंतची जबाबदारी घेते आणि तिचा मोबदला घेते. येथे ती जबाबदारी आपल्यावर असते आणि तो मोबदला आपल्या खिशात राहतो. कमी खर्च म्हणजे सगळीकडेच हात आखडणे, असा समज मात्र करून घेऊ नये. खोली, वाहन, जेवण आणि खरेदी यांत काटकसर करावी. कागदपत्रे, विमा, औषधोपचार आणि रात्री-अपरात्री अनोळखी शहरात उतरल्यावरची सुरक्षितता यांत करू नये. पुढील बहुतेक उत्तरे याच धोरणावर बेतलेली आहेत.

२. आधी कधीच परदेशात गेलेलो नाही. पहिला देश कोणता निवडावा?

नेपाळ. भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही, हिंदी बरीच चालते आणि एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कायम असल्यामुळे हिशेब सोपा राहतो. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तेथून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा आणि मग पोखरा, असा जमिनीवरचा मार्ग उपलब्ध आहे. या मार्गाने गेल्यास सीमा, चलनबदल, अनोळखी बसस्थानक आणि मुक्कामाचा शोध या चारही गोष्टींचा सराव फारसा धोका न पत्करता होतो. सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना काही शुल्कांत सवलत आहे. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना इतर परदेशीयांना ३,००० नेपाळी रुपयांना, तर आपल्याला १,००० नेपाळी रुपयांना मिळतो. विमानाने जायचे असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशाला केवळ आधार कार्डावर विमानात घेतले जात नाही, हे लक्षात ठेवावे.

समुद्रापलीकडे जायचे असल्यास थायलंड आणि व्हिएतनाम हे पहिल्या प्रवासासाठी उत्तम देश आहेत, कारण तेथे स्वस्त निवास, रात्रीच्या बस आणि प्रवाशांची वर्दळ भरपूर आहे. भूतान जवळ असला तरी स्वस्त नाही. भारतीय पर्यटकाला तेथे दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते.

३. एकूण खर्च किती येतो? अंदाजपत्रक कसे मांडावे?

खर्चाचे दोन भाग करावेत. पहिला भाग एकदाच होणारा: विमान, व्हिसा, विमा आणि कोल्हापूर ते विमानतळ जाणे-येणे. दुसरा भाग रोजचा: निवास, जेवण, स्थानिक वाहतूक, प्रवेशशुल्क. व्हिएतनामच्या पंधरा दिवसांचे उदाहरण घेऊ. मुंबईहून जाण्या-येण्याचे तिकीट बेताच्या हंगामात २८,००० रुपये धरले, व्हिसासाठी सव्वादोन हजार, विम्यासाठी दीड हजार आणि महाराष्ट्रातील प्रवासासाठी दोन हजार धरले, तर पहिला भाग सुमारे ३४,००० रुपयांचा होतो. हॉस्टेलमधील (प्रवाशांच्या सामाईक खोलीतील) खाट रोज ७०० रुपये, जेवण-चहा ९०० रुपये, शहरांतर्गत आणि शहरांमधील प्रवास सरासरी ६०० रुपये, प्रवेशशुल्क आणि एखादी जलसफर मिळून सरासरी ५०० रुपये धरल्यास रोजचे २,७०० रुपये होतात. म्हणजे पंधरा दिवसांचे सुमारे ४०,०००. बेरीज ७४-७५ हजारांची झाली. तीवर दहा टक्के रक्कम हातची राखून ठेवावी आणि ८०-८५ हजार रुपये जमल्याशिवाय तिकीट काढू नये.

या मांडणीतून एक गोष्ट उघड होते. पहिला भाग पाच दिवस राहिले तरी तेवढाच आणि वीस दिवस राहिले तरी तेवढाच असतो. म्हणून चार दिवसांचे तीन परदेशदौरे करण्यापेक्षा बारा दिवसांचा एकच प्रवास दरदिवशी बराच स्वस्त पडतो. खर्च खऱ्या अर्थाने वाढवते ती धावपळ. पंधरा दिवसांत सहा शहरे घेतली तर बसभाडे, स्थानकापासूनची रिक्षा-टॅक्सी, अर्धवट वाया गेलेले दिवस आणि घाईत घेतलेले महाग जेवण यांतच पैसा जातो. आम्हाला पाठवलेली बहुतेक वेळापत्रके पाहिली की त्यांतील निम्मी ठिकाणे कमी करावीत असेच सुचवावे लागते. तीन ठिकाणे, प्रत्येकी चार-पाच रात्री, ही आखणी खिशाला आणि प्रकृतीला दोन्हींना मानवते.

पश्चिम युरोपात हे गणित बदलते, कारण तेथे हॉस्टेलची खाटच २० ते ५० युरोंना मिळते. अशा ठिकाणी स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल निवडून किराणा दुकानातून शिधा आणणे हाच मोठ्या बचतीचा मार्ग आहे.

४. पासपोर्ट कोल्हापुरातच काढता येतो का?

होय. कोल्हापुरात पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि ते पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. अर्ज व भेटीची वेळ केवळ पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्यावी. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये असून तत्काळसाठी २,००० रुपये अधिक लागतात. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पॅन या सर्वांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. वडिलांचे नाव कुठे आहे आणि कुठे नाही, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारचे आहे, लग्नानंतरचे नाव एकाच कागदावर बदलले आहे, याच कारणांनी आपल्याकडील अर्ज अधिक अडकतात. प्रवासाच्या किमान तीन-चार महिने आधी अर्ज करावा. जुना पासपोर्ट असल्यास परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी त्याची मुदत शिल्लक आहे ना, हे पाहावे. अनेक देश आणि विमान कंपन्या याबाबत अजिबात सूट देत नाहीत.

५. माझ्या पासपोर्टवर ईसीआरचा (उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याचा) शिक्का आहे. पर्यटनाला जाता येईल का?

येईल. उत्प्रवास मंजुरीची अट ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, पर्यटकांना नाही. मात्र दहावी उत्तीर्ण असल्यास दाखला जोडून ईसीआर नसलेला पासपोर्ट करून घेणे सोयीचे ठरते.

६. कोणत्या देशांना आधी व्हिसा काढावा लागतो?

कमी खर्चाच्या प्रवासासाठी देशांचे तीन गट लक्षात ठेवावेत. पहिल्या गटात व्हिसाशिवाय प्रवेश देणारे देश येतात. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत अशी सवलत दिली, थायलंडने जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांची दिली. पण अशा सवलती मुदतीच्या असतात, त्यांतील दिवस कमी होतात आणि त्या मागेही घेतल्या जातात. त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशीच पुन्हा तपासावे. दुसऱ्या गटात ऑनलाइन किंवा पोहोचल्यावर व्हिसा देणारे देश येतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरना, अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलरना आणि ९० दिवसांपर्यंत मिळतो. इंडोनेशिया ५ लाख रुपिया घेऊन ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर देतो. तिसऱ्या गटात शेंगेन देशांसारखे (एकच सामाईक व्हिसा देणारे युरोपीय देश), आधी कागदपत्रे आणि बोटांचे ठसे मागणारे देश येतात.

थायलंड आणि मलेशियात पोहोचण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत आगमनाचे डिजिटल कार्ड भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. शोध घेतल्यावर वर दिसणारी, हुबेहूब सरकारी वाटणारी आणि शुल्क मागणारी पाने खासगी दलालांची असतात.

७. माझे उत्पन्न शेती आणि दुधाचे आहे. आयकर विवरणपत्र नाही. युरोपचा व्हिसा मिळेल का?

मिळू शकतो, पण कागदपत्रांची बाजू पक्की करावी लागते. व्हिसा अधिकाऱ्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात: प्रवासाचा खर्च कोण करणार, तो पैसा कुठून आला आणि हा माणूस परत येणार कशावरून. नोकरदाराकडे वेतनचिठ्ठी असते. शेतकऱ्याने त्याऐवजी सातबारा व आठ-अ उतारे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याकडून उसाच्या बिलाची आणि दूध संस्थेकडून दुधाच्या बिलाची बँकेत जमा झालेली रक्कम दाखवणारे खातेउतारे द्यावेत. मराठी उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून जोडावे. सोबतच्या पत्रात एकरी उत्पन्न, पिके आणि घरी मागे राहणारे कुटुंबीय यांचा थोडक्यात उल्लेख असावा.

अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून दोन लाख रुपये खात्यावर घेणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि ती घातक आहे. एकदम आलेली मोठी रक्कम संशय वाढवते. त्याऐवजी उसाचे बिल जमा झाल्यानंतरच्या महिन्यांत अर्ज करावा, म्हणजे खात्यातील शिल्लक आणि तिचा उगम दोन्ही आपोआप दिसतात. कोणी प्रायोजक असेल तर त्याचे पत्र व त्याचे खातेउतारे उघडपणे जोडावेत. शेती उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्र भरता येते; पुढे युरोपला जाण्याचा विचार असणाऱ्यांनी ते आतापासूनच भरायला सुरुवात करावी.

शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो असून अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचे विमासंरक्षण बंधनकारक आहे.

८. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वेगळी परवानगी लागते का?

होय. शासकीय, निमशासकीय आणि अनुदानित संस्थांतील कर्मचाऱ्यांनी परदेशी जाण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. फाइल फिरायला वेळ लागतो, म्हणून परतावा न मिळणारे तिकीट परवानगीच्या आधी काढू नये.

९. विमान कुठून घ्यावे? कोल्हापूर, गोवा, पुणे की मुंबई?

उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळावरून केवळ देशांतर्गत विमाने सुटतात. परदेशी जाण्यासाठी सर्वाधिक पर्याय आणि बहुधा सर्वांत कमी भाडे मुंबईला मिळते. पुणे आणि गोव्याहून मोजक्या ठिकाणी थेट विमाने आहेत, तर आग्नेय आशियासाठी बेंगळुरूचे भाडेही पाहावे. तुलना करताना केवळ विमानभाडे पाहू नये. गोव्याहून तिकीट तीन हजारांनी महाग असले, पण मुंबईतील एक रात्रीचा मुक्काम, टॅक्सी आणि जास्तीची रजा वाचत असेल, तर गोवाच स्वस्त पडतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा ही दोन विमानतळे आहेत आणि मुंबई परिसरातही आता नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले आहे. तिकिटावर कोणते नाव आहे ते नीट वाचावे.

मुंबईला जाण्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस हा आमच्या मते सर्वांत विश्वासाचा मार्ग आहे. ती रात्री सुटते आणि सकाळी मुंबईत पोहोचवते. दादरला उतरून लोकलने अंधेरी गाठता येते. ज्यांचे विमान रात्रीचे आहे त्यांनी त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीने जावे. ज्यांचे विमान सकाळी किंवा दुपारी आहे त्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. पुणे-बेंगळुरू महामार्गावरील कामे, खंबाटकी आणि खंडाळ्याचा घाट, पावसाळ्यात पंचगंगेचे रस्त्यावर आलेले पाणी, यांपैकी कशामुळेही बस तासन्‌तास अडकू शकते आणि चुकलेल्या विमानाचे पैसे कंपनी देत नाही.

१०. दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुट्टीत जाणे योग्य आहे का?

दिवाळीच्या दिवसांत भारतातून निघणारी भाडी चढतात, तरी नेपाळसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हवामानाच्या दृष्टीने उत्तम काळ आहे. त्याच काळात मध्य व्हिएतनाममध्ये, विशेषतः होई आन आणि हुए येथे, अतिवृष्टी व पूर येतात. मार्चच्या आसपास उत्तर थायलंडमध्ये शेतातील काडीकचरा जाळल्याने हवा धुरकट होते, तर १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण असल्याने बस-रेल्वे भरलेल्या असतात. व्हिएतनामच्या चांद्र नववर्षाला, म्हणजे तेतला, दुकाने आणि खानावळी कित्येक दिवस बंद राहतात.

११. सॅक किती मोठी घ्यावी आणि त्यात काय भरावे?

चाळीस लिटरपर्यंतची सॅक पुरते. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये सहसा सातच किलो नेऊ देतात आणि विमानतळावर ऐनवेळी घेतलेले जास्तीचे वजन तिकिटाच्या तोडीस जाते, म्हणून घरीच सॅक तोलून पाहावी. चार दिवसांचे कपडे घ्यावेत आणि ते धुऊन वापरावेत. केबिनमध्ये द्रव पदार्थ प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंतच चालतात. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवावी लागते आणि ती १०० वॅट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचच्या आत असावी. हॉस्टेलच्या लॉकरसाठी स्वतःचे लहान कुलूप न्यावे. पायात हलके, वाळणारे बूट असावेत. कोल्हापुरी चपला उन्हाळी शहरात शोभतात, पण पावसात भिजल्या की त्यांचे चामडे फुगते आणि चार दिवस वाळत नाही.

१२. घरचा कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, भडंग बरोबर नेता येते का?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने नीट वाचावे, कारण आपल्या घरगुती मसाल्यात दोन अडचणीचे जिन्नस असतात.

पहिला जिन्नस खसखस. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पांढऱ्या रश्श्यासाठी बांधून दिलेली खसखशीची पुडी किंवा खसखस घातलेला मसाला दुबईला उतरताना सॅकमध्ये असणे ही गंभीर बाब आहे. मसाला डंकावर कुटून आणला असेल तर त्यात काय काय घातले होते हे घरातील मोठ्यांना आधी विचारावे. दुसरा जिन्नस सुके खोबरे. त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते आणि विमानात त्याला मनाई आहे. मसाल्यासाठी वाट्या वेगळ्या नेण्याचा बेत सोडून द्यावा.

याशिवाय तिखटाची पूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे केवळ सात किलोंचे केबिन सामान घेऊन निघालेल्याचा मसाला सुरक्षा तपासणीत काढून ठेवला जातो. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशमी, चिवडा हे कोरडे पदार्थ आग्नेय आशियात सहसा अडत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनाच्या अर्जात नोंदवावाच लागतो. न्यूझीलंडमध्ये लपवलेल्या पदार्थाला जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. तंबाखू आणि गुटखा घरीच ठेवावा. सिंगापूरमध्ये चघळण्याच्या तंबाखूला बंदी आहे, आणि ई-सिगारेटला सिंगापूर व थायलंड दोन्हीकडे.

१३. मी शुद्ध शाकाहारी आहे. निभाव लागेल का?

लागेल, पण विचारणा बारकाईने करावी लागते. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाज्यांच्या पदार्थातही माशाचा रस घालतात. थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ असे लिहिलेल्या बौद्ध खानावळींत मांस-मासे पूर्ण वर्ज्य असतात आणि त्या स्वस्तही असतात.

१४. हॉस्टेल सुरक्षित असते का? मुलीने एकटीने राहावे का?

हॉस्टेल म्हणजे एका खोलीत चार ते बारा खाटा, सामाईक स्नानगृह आणि प्रत्येकाला लॉकर. अनेक ठिकाणी केवळ स्त्रियांसाठी वेगळी खोली असते आणि एकटीने प्रवास करणाऱ्या कोल्हापूरच्या अनेक मुली तिलाच पसंती देतात. निवड करताना किमतीपेक्षा अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतील अभिप्राय, त्यातही स्त्रियांनी लिहिलेले, आधी वाचावेत. रात्रभर स्वागतकक्ष उघडा आहे का, रस्त्यावर वर्दळ असते का, लॉकरमध्ये पूर्ण सॅक मावते का, हे तपासावे. नव्या शहरात उजेडी पोहोचावे. रात्री उशिरा उतरावेच लागणार असेल, तर त्या एका रात्रीसाठी विमानतळाजवळची महाग खोली घ्यावी. मुक्कामाचा पत्ता रोज घरी कळवण्याची वेळ ठरवून ठेवावी, म्हणजे घरच्यांचाही जीव टांगणीला लागत नाही.

१५. पैसे रोख न्यावेत की कार्डावर?

दोन्ही, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात. त्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून किंवा बँकेतून पॅन देऊन घ्याव्यात आणि पावती जपून ठेवावी. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत मागाव्यात, कारण दुमडलेली किंवा शाई लागलेली नोट आग्नेय आशियातील दुकानदार नाकारतात.

डेबिट कार्डाचा परदेशातील वापर बहुधा बंद असतो. तो बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादा ठरवावी. अनेक कार्डांवर परकीय व्यवहारामागे दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो, म्हणून अधिभार नसलेले कार्ड किंवा आधी चलन भरून ठेवायचे फॉरेक्स कार्ड घ्यावे. थायलंडमधील एटीएम प्रत्येक वेळी २०० बाहतहून अधिक शुल्क कापते. तेव्हा थोडे थोडे न काढता एकदाच पुरेसे काढावे. यंत्राने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात’ असे विचारल्यास नेहमी स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांचा पर्याय निवडताच दर त्यांच्या मर्जीचा लागतो.

व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाख डोंग या दोन्ही नोटा निळसर आहेत. टॅक्सीत अंधारात पैसे देताना यांचीच गफलत होते. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावी.

१६. विमा खरोखर आवश्यक आहे का? स्कूटर भाड्याने घेतली तर तो लागू होतो का?

विम्याशिवाय जाऊ नये. पंधरा दिवसांचा विमा एका बऱ्या जेवणाच्या दोन-तीन पानांएवढ्या पैशांत येतो आणि परदेशातील एका रात्रीचे रुग्णालयाचे बिल वर्षाच्या बचतीवर पाणी फिरवू शकते.

दुसऱ्या भागाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. आपल्याकडे दुचाकी हाताला सवयीची असते, म्हणून परदेशातही ती सहज घेतली जाते. परंतु त्या देशात ग्राह्य असलेला परवाना नसेल, हेल्मेट नसेल किंवा मद्यपान केलेले असेल, तर विमा कंपनी दावा फेटाळते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथील आरटीओकडून एक वर्षासाठी मिळतो आणि त्यावर दुचाकीच्या गटाची नोंद असावी लागते. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना मानतो आणि आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. म्हणजे हनोईत भाड्याने देणारा माणूस पासपोर्ट पाहून किल्ली देईल, पण अपघात झाल्यास आपण विनापरवाना चालक ठरू. तेथे चालकासह दुचाकी मागवावी. ती स्वस्तही पडते.

नेपाळमध्ये चढाईला जाणाऱ्यांनी पॉलिसीत उंचीची मर्यादा पाहावी. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे आणि काही पॉलिसी त्याच्या बऱ्याच खाली थांबतात. हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हेही लेखी विचारावे.

१७. औषधे आणि लसी यांबाबत काय काळजी घ्यावी?

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजीतील डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिनच्या सामानात ठेवावीत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल यांवर अमिरातीत कडक नियंत्रण आहे, तर जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनयुक्त सर्दीच्या काही गोळ्या चालत नाहीत. केनिया, ब्राझील अशा देशांत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी. मुंबई आणि पुण्यात अधिकृत केंद्रे आहेत. प्रमाणपत्र आता आजन्म ग्राह्य असते. ते नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.

१८. दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडली किंवा जमिनीवरून सीमा ओलांडली तर काय अडचण येते?

वेगवेगळ्या आरक्षणांची दोन तिकिटे असतील, तर पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामान बाहेर घेऊन पुन्हा जमा करावे लागते, म्हणजे त्या मधल्या देशात प्रवेशाची पात्रताही लागते. क्वालालंपूरची दोन टर्मिनल एकमेकांपासून अंतरावर आहेत. बँकॉकमध्ये तर सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग ही दोन स्वतंत्र विमानतळे शहराच्या दोन टोकांना आहेत. अशा जोडणीत किमान सहा-सात तास, शक्यतो एक रात्र ठेवावी.

जमिनीवरील सीमेबाबत दोन बाबी तपासाव्यात. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर प्रवेशाचे ठिकाण नोंदलेले असते आणि प्रत्येक नाके ई-व्हिसा स्वीकारत नाही. दुसरे म्हणजे नाकी बंद होऊ शकतात; २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया संघर्षामुळे बँकॉक ते सिएम रीप हा अनेक वर्षांचा रुळलेला बसमार्ग बंद पडला. परतीचा एकमेव मार्ग जमिनीवरचा ठेवू नये.

१९. इमिग्रेशनवर काय विचारतात? परत पाठवतात का?

कुठे राहणार, किती दिवस, परतीचे तिकीट आणि खर्चाची सोय, एवढेच विचारतात. तिकीट, पहिल्या मुक्कामाचे आरक्षण, विमा आणि खात्यातील शिल्लक यांच्या छापील प्रती हाताशी ठेवाव्यात, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे. नुसते जाण्याचे तिकीट असेल, तर अनेकदा भारतातील विमान कंपनीच चढू देत नाही.

२०. प्रवास करता करता तिकडे काम करता येईल का? एका ओळखीच्याने थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आणि विमानाचे तिकीट देऊ केले आहे.

पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन पगारी काम करणे बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. आणि ते तिकीट कृपया स्वीकारू नये. बँकॉकला बोलावून, तेथून माए सोतमार्गे मोई नदीपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी परिसरात नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन तरुणांकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याची प्रकरणे सिद्ध आहेत; मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी सुमारे साडेपाचशे भारतीयांना तेथून परत आणले. मुलाखत केवळ चॅटवर, पगार अवाच्या सवा, व्हिसा पर्यटकाचा आणि करारपत्र नाही, अशी खूण दिसताच पोलिसांत कळवावे. परदेशी नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत असलेल्या एजंटांचीच यादी पाहावी.

२१. परदेशात पासपोर्ट हरवला तर?

प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, मग जवळच्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जावे. तेथे दोन पर्याय असतात: नवा पासपोर्ट, ज्याला वेळ लागतो, किंवा आपत्कालीन प्रमाणपत्र, ज्यावर केवळ भारतात एकदाच परत येता येते. प्रमाणपत्र घेतल्यास पुढील देशांचा बेत रद्द करावा लागतो. काही देशांत हरवलेल्या पासपोर्टवरील प्रवेशाच्या शिक्क्याची नोंद स्थानिक इमिग्रेशन कार्यालयातून नव्या कागदावर करून घेतल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत, म्हणून विमानाची तारीख दूतावासाला विचारून ठरवावी. पासपोर्टचे पहिले व शेवटचे पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का यांची छायाचित्रे स्वतःच्या ईमेलवर आणि घरातील एका व्यक्तीकडे ठेवावीत. दोन छापील फोटो सॅकमध्ये वेगळे असावेत. नव्या देशात शिक्का पडताच त्या पानाचे छायाचित्र घेऊन घरी पाठवावे.